बाकीच्यांतले एक : विजय सॅम्युअल हजारे

नाताळच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामात गावागावांचे क्रिकेट सामने होतात, हे वाचकांना सांगायला नको. अशाच एका सामन्यात चहापानाला मुले सावलीत बसली असताना आम्ही त्यांना विचारले, विजय हजारे कोण ते सांगा पाहू. उत्तर तत्काळ आले. ट्रॉफी! आणि ते काही चूक नव्हते. राज्याराज्यांच्या संघांची पन्नास षटकांची जी स्पर्धा दर हंगामात होते, तिला विजय हजारे यांचे नाव आहे. आपल्या विरारच्या पृथ्वी शॉने २०२१ साली याच स्पर्धेत पुदुच्चेरीविरुद्ध नाबाद २२७ धावा केल्या आणि मुंबईला विजेतेपदही मिळवून दिले, हे मुलांना तोंडपाठ होते. पालघरचा शार्दुल ठाकूर तर घरचाच. पण ट्रॉफीमागचा माणूस कोणाला ठाऊक नव्हता. आम्ही पूर्ण नाव सांगितले, विजय सॅम्युअल हजारे. सॅम्युअल म्हटल्याबरोबर दोनतीन माना वर झाल्या. म्हणजे ख्रिस्ती? होय, ख्रिस्ती, आणि घरात मराठी बोलणारे. तेव्हाच ठरवले, की या पत्रिकेतून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहावे.

विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत झाला. वडील शाळामास्तर, आठ भावंडांचे घर. कुटुंब मराठी प्रॉटेस्टंट. आपल्या वसईत ख्रिस्ती श्रद्धा सोळाव्या शतकात पोर्तुगीज मिशनऱ्यांबरोबर आली. सांगली, मिरज, कोल्हापूर या बाजूला ती एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनच्या शाळा-दवाखान्यांबरोबर पोहोचली. मिरजेचे मिशन हॉस्पिटल कित्येकांना माहीत असेल. पंथ वेगळा, बोली वेगळी, पण मास्तरांच्या घरची शिस्त आणि तुटपुंज्या पगारात भागवायची सवय मात्र आपल्या मागच्या पिढीला ओळखीची वाटेल.

शाळामास्तराच्या मुलाला क्रिकेट परवडणारे नव्हते. त्या काळी चांगल्या खेळाडूला आधार असे तो संस्थानिकांचा. हजारे यांनाही तो मिळाला. ऑस्ट्रेलियाचा नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याचे मार्गदर्शन त्यांना लाभले. स्वभावाने ते बुजरे होते. बोलणे कमी, तक्रार नाही, मैदानावर हातवारे नाहीत. फलंदाजी उजव्या हाताची, सरळ बॅटची, अखंड चिकाटीची. गोलंदाजी मध्यमगती. फलंदाज म्हणून ते इतके गाजले, की त्यांची गोलंदाजी लोक विसरून जातात. प्रथम श्रेणीच्या २३८ सामन्यांत त्यांनी १८,७४० धावा केल्या आणि ५९५ बळीही घेतले. नुसत्या गोलंदाजाने एवढे बळी घेतले असते, तरी त्याचे नाव राहिले असते.

रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली आणि हजारे पहिल्याच हंगामात महाराष्ट्राकडून खेळले. मधली काही वर्षे ते मध्य भारताच्या संघात होते. परत आले तेव्हा महाराष्ट्राचे कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. वय पन्नाशीकडे झुकलेले आणि तरीही संघात सर्वांत उत्साही. देवधरांच्या या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. त्यातल्या पहिल्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय फलंदाजाचे हे पहिले त्रिशतक. त्याच डावात नवव्या गड्यासाठी त्यांनी नगरवाला यांच्याबरोबर २४५ धावा जोडल्या. नवव्या गड्यासाठी! आपल्याकडे आठ गडी बाद झाले की लोक घरी निघतात.

ज्या संघाची त्यांनी अशी धुलाई केली, त्याच बडोद्याने त्यांना आपल्याकडे बोलावून घेतले. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड क्रिकेटचे शौकीन होते. हजारे यांना संस्थानात नोकरी मिळाली, पोटापाण्याची चिंता मिटली आणि १९४१ पासून बडोदे हेच त्यांचे गाव झाले. तेही एका अर्थी मराठीच गाव होते. १९४२-४३ मध्ये बडोद्याने प्रथमच रणजी करंडक जिंकला.

आता त्या सामन्याकडे वळू, ज्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला.

मुंबईत त्या काळी क्रिकेटची सर्वांत मोठी गर्दी रणजी करंडकाला होत नसे. ती होई धर्मवार सामन्यांना. सुरुवात १८९२ साली युरोपियन आणि पारशी यांच्यातल्या सामन्यांनी झाली. १९०७ मध्ये हिंदू संघ आला, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला. खेळाडू कोणत्या प्रांतातला, हे कोणी विचारत नव्हते. त्याचा धर्म कोणता, एवढेच पाहिले जाई. मग या चारांत न बसणाऱ्यांनी काय करायचे? पंचवीस वर्षे त्यांनी बाहेर बसूनच सामने पाहिले. शेवटी १९३७ मध्ये पाचवा संघ निघाला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, बौद्ध असे सगळे एकत्र करून या संघाला नाव दिले गेले दी रेस्ट. मराठीत सांगायचे तर बाकीचे. उरलेले.

आम्ही या नावापाशी बराच वेळ थांबलो. त्या काळी वसईतला एखादा कॅथलिक मुलगा या तोडीचा खेळला असता, तर त्यालाही याच संघात जागा मिळाली असती. हिंदूंचा संघ होता, मुसलमानांचा होता, पारशांचा होता, साहेबांचा होता. आपण बाकीचे. नाव ठेवणाऱ्यांनी काही वाईट मनात धरून ते ठेवले असेल, असे नाही. पण बाकीच्यांत गणले जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी शाळेत किंवा कचेरीत कधी आपले आडनाव सांगून पुढचा प्रश्न झेलला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको.

या स्पर्धेला विरोधही होता. धर्मावर संघ पाडणे महात्मा गांधींना मान्य नव्हते आणि डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी आपली नापसंती उघडपणे सांगितली. १९४२ साली देशभर आंदोलन पेटले, तेव्हा सामने झालेच नाहीत. १९४३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. हजारे तेव्हा २८ वर्षांचे होते.

त्या वर्षी बाकीच्यांची गाठ आधी मुस्लिम संघाशी पडली. हजारे यांनी २४८ धावा काढल्या. स्पर्धेतला तो नवा विक्रम होता आणि संघ अंतिम सामन्यात पोहोचला. समोर हिंदू संघ, आणि हिंदू संघात विजय मर्चंट. दोन विजयांची ही स्पर्धा तेव्हा मुंबईच्या घराघरांत चर्चेची होती. ब्रेबॉर्न स्टेडियमवर मर्चंट खेळायला उतरले आणि त्यांनी नाबाद २५० धावा केल्या. हजारे यांचा विक्रम दोन धावांनी मोडला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला.

उत्तरादाखल बाकीचे १३३ धावांत आटोपले. त्यातल्या ५९ हजारे यांच्या. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावातही एकामागून एक गडी बाद होत गेले आणि पाच गडी परतल्यावर हजारे यांच्या साथीला आले त्यांचेच भाऊ विवेक. सांगलीच्या मास्तरांची दोन मुले, समोर ५८१ धावांचा डोंगर आणि भोवताली ब्रेबॉर्नची भरगच्च गर्दी. दोघांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावा जोडल्या. त्यात विवेक यांच्या किती? २१. वाचकांनी हा आकडा दोनदा वाचावा. एका बाजूला भाऊ फटके मारतो आहे, टाळ्या घेतो आहे, आणि दुसऱ्या बाजूला हा माणूस फक्त उभा आहे. चेंडू अडवतो, एखादी धाव काढून भावाला समोर देतो आणि पुन्हा उभा राहतो. त्रिशतकाची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक विवेकचे नाव घाईघाईत सांगून पुढे जातात. आम्हाला मात्र त्या २१ धावांचे मोल काही कमी वाटत नाही.

विजय हजारे ३०९ धावा करून बाद झाले. संघाच्या एकूण धावा ३८७. म्हणजे दर पाच धावांमागे जवळजवळ चार धावा एकट्याच्या. मर्चंट यांचा ताजा विक्रम त्याच सामन्यात मोडला गेला. आणि तरी बाकीचे एक डाव आणि ६१ धावांनी हरले. पंचरंगी स्पर्धा बाकीच्यांनी कधीच जिंकली नाही. १९४५-४६ नंतर ही धर्मवार स्पर्धा कायमची बंद पडली. ती बंद पडली ते बरेच झाले असे आम्हाला वाटते, पण ती झाली नसती तर हा डावही झाला नसता, हेही खरे.

मर्चंट काही स्वस्थ बसणारे नव्हते. त्याच हंगामात, काही आठवड्यांत, त्यांनी महाराष्ट्राविरुद्ध मुंबईकडून नाबाद ३५९ धावा केल्या आणि हजारे यांचा ३१६ चा रणजीतला विक्रमही मागे टाकला. दोघांत वैर असल्याचे मात्र कोणी सांगत नाही.

मार्च १९४७. स्वातंत्र्य पाच महिन्यांवर आलेले, पंजाबात दंगली भडकलेल्या. बडोद्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना लागला, समोर सी. के. नायडूंचा होळकर संघ. होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत संपला. त्यांतले सहा गडी हजारे यांनी बाद केले होते. मग बडोद्याचे ९१ धावांत तीन गडी गेले. आता खेळपट्टीवर दोघे आले. एक सांगलीचे ख्रिस्ती विजय हजारे, दुसरे लाहोरचे मुसलमान गुल महंमद, अंगाने लहानखुरे आणि डावखुरे. त्यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याने ७८४ धावा केल्या आणि सामना एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकला.

प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधली कोणत्याही गड्यासाठीची ही सर्वांत मोठी भागीदारी ठरली. ती जवळजवळ साठ वर्षे टिकली. २००६ मध्ये कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडून ती मागे टाकली, पण ती तिसऱ्या गड्यासाठी. चौथ्या गड्याचा विक्रम आजही हजारे आणि गुल महंमद यांच्याच नावावर आहे. गुल महंमद पुढे पाकिस्तानात स्थायिक झाले आणि १९५६ मध्ये त्या देशाकडून एक कसोटीही खेळले. रणजी करंडक प्रांतांचा आणि संस्थानांचा. बडोद्याच्या त्या संघात हिंदू किती, मुसलमान किती आणि बाकीचे कोण, असा हिशेब स्पर्धेच्या नियमांत कुठेच नव्हता. ब्रेबॉर्नवर हे दोघे समोरासमोर असते. बडोद्यात ते एकाच बाजूला होते.

कसोटी क्रिकेट हजारे यांच्या वाट्याला उशिरा आले. चोविसाव्या वर्षी महायुद्ध सुरू झाले, आणि पहिली कसोटी ते १९४६ मध्ये इंग्लंडला लॉर्ड्सवर खेळले, तेव्हा एकतीस वर्षे पूर्ण झाली होती. ऐन उमेदीची वर्षे युद्धाने खाल्ली. तरी ३० कसोटींत त्यांनी २,१९२ धावा केल्या, सात शतके, सरासरी ४७.६५. त्यातला एक सामना सांगायलाच हवा. जानेवारी १९४८, ॲडलेड. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या त्यात २०१, आणि त्यांचा त्रिफळा उडवला हजारे यांनीच. त्याआधी सिडनीच्या कसोटीतही ब्रॅडमन यांचा त्रिफळा त्यांनीच घेतला होता, तोही अवघ्या १३ धावांवर. ॲडलेडला भारताच्या पहिल्या डावात हजारे यांनी ११६ आणि दत्तू फडकर यांनी १२३ धावा केल्या, तरी फॉलोऑन टळला नाही. दुसऱ्या डावात लिंडवॉलने सात गडी बाद केले. त्या पडझडीत हजारे यांनी १४५ धावा केल्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. सामना आपण एक डाव आणि १६ धावांनी हरलो. ब्रेबॉर्नला जे झाले, तेच ॲडलेडला. त्यांच्या मोठ्या खेळी बहुतेक अशाच, हरणाऱ्या बाजूच्या.

म्हणूनच मद्रासचा दिवस सांगताना आम्हाला विशेष आनंद होतो. १९५१-५२ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला आणि भारताचे कर्णधारपद हजारे यांच्याकडे आले. आठ वर्षांपूर्वी बाकीच्यांकडून खेळणारा माणूस आता सगळ्यांचा कर्णधार होता. दिल्लीत त्यांनी नाबाद १६४ केल्या. त्याच डावात जुने प्रतिस्पर्धी मर्चंट यांनी आपल्या शेवटच्या कसोटीत १५४ धावा केल्या आणि दोघांनी मिळून २११ धावा जोडल्या. मुंबईत हजारे यांचे पुन्हा शतक, १५५. पण मालिकेत इंग्लंड एका विजयाने पुढे होते आणि शेवटची कसोटी उरली होती, मद्रासची.

सामना ६ फेब्रुवारी १९५२ रोजी सुरू झाला. त्याच दिवशी राजे सहावे जॉर्ज यांच्या निधनाची बातमी आली आणि दुसरा दिवस विश्रांतीचा करावा लागला. विनू मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ गडी बाद केले. पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांची शतके झाली. १० फेब्रुवारीला भारताने एक डाव आणि ८ धावांनी सामना जिंकला. पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळल्यापासून वीस वर्षे झाली होती, आणि पंचविसाव्या कसोटीत हा पहिला विजय. हटन, कॉम्प्टन, बेडसर असे इंग्लंडचे मोहरे त्या दौऱ्यावर आले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण विजय तो विजय. कर्णधाराची बॅट त्या सामन्यात फारशी चालली नाही. आयुष्यभर धावा करून हरलेल्या माणसाला, धावा न करता जिंकण्याचा दिवस एकदा तरी पाहायला मिळाला.

कर्णधार म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. ते फार सावध होते, धोका पत्करत नव्हते, आणि बुजऱ्या स्वभावामुळे संघाला चेतवणे त्यांना जमत नव्हते. कर्णधारपदाने एका थोर फलंदाजाचे नुकसान झाले असे खुद्द मर्चंट यांचेही मत होते. १९५२ चा इंग्लंड दौरा तर दुःखद ठरला. लीड्सला दुसऱ्या डावात एकही धाव होण्याआधी भारताचे चार गडी बाद झाले. पदार्पण करणाऱ्या ट्रूमनने धुमाकूळ घातला होता. त्या अवस्थेतून हजारे यांनी ५६ आणि फडकर यांनी ६४ धावा करून थोडी अब्रू राखली. चौदा कसोटींत त्यांनी नेतृत्व केले. एक विजय, पाच पराभव, आठ अनिर्णित. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत.

बडोद्याकडून मात्र ते खेळतच राहिले. १९५७-५८ मध्ये बडोद्याने पुन्हा रणजी करंडक जिंकला तेव्हाही ते संघात होते, आणि वय होते ४३ च्या घरात. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जसू पटेल आणि हजारे हे हा सन्मान मिळवणारे पहिले क्रिकेटपटू. काही काळ ते निवड समितीवर होते. मुलगा रणजित हाही बडोद्याकडून खेळला. सभासमारंभांत पुढे होऊन बोलणे त्यांना कधीच जमले नाही, आणि जमावे असे त्यांना वाटत असल्याचेही दिसत नाही.

१८ डिसेंबर २००४ रोजी, नाताळ एका आठवड्यावर आलेला असताना, वयाच्या ८९ व्या वर्षी बडोद्यात त्यांचे निधन झाले. 

सामन्याच्या त्या दिवशी आम्ही मुलांना हे सगळे सांगू शकलो नाही, कारण चहा संपला आणि पंचांनी हाक मारली. एका मुलाने मैदानाकडे जाताजाता एवढेच विचारले, की दुसऱ्या बाजूला उभ्या राहिलेल्या भावाचे नाव काय होते.